सासूबाईंचा सिंगल डोअर फ्रिज

माझ्या सासूबाई माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेल्या.

काल सकाळी गेल्या. झोपेतच.

कालच्या पोस्टखाली तुम्ही सगळे "मेघा, तू त्यांचं किती केलंस" असं लिहिताय. प्लीज, नका लिहू. आधी हे वाचा.

हैदराबादेतलं अंबरपेठचं जुनं घर सोडून त्या आमच्या कुकटपल्लीच्या फ्लॅटवर आल्या, तेव्हा त्यांचा फ्रिजही आला. सिंगल डोअर, हिरवा, माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या जन्माआधीचा. दाराचं रबर त्या स्वतः बदलायच्या. फ्यूज उडाला तर इलेक्ट्रिशियन कशाला, आई होत्या ना! खंडेनवमीला मिक्सर, शिलाई मशीन, फ्रिज, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

मला डबल डोअर हवा होता. पुण्याहून माहेरचे येणार होते आणि मला त्या डब्याची लाज वाटायची.

"चालायलंय ना? मग काय परेशानी हाय तुला?" आई म्हणायच्या.

मग मे महिन्यात, दुपारी त्या पडल्या की मी फ्रिजचा प्लग काढायचे. त्या उठायच्या आत परत लावायचे. वर्क फ्रॉम होम होतं, कोण बघतंय?

चार दिवस दूध नासलं. डोशाचं पीठ फसफसून बाहेर आलं.

आईंनी रबर तपासलं. स्टॅबिलायझर तपासला. फ्रिजला कान लावून बसल्या.

शेवटी म्हणाल्या, "मेघा, परवा बर्फ काढताना माझं उलथनं आतल्या पायपाला लागलं असंल गं. मीच वाटोळं केलं."

मी काय म्हटलं माहितीये?

"असू द्या आई. वय झालं की होतं असं."

मी त्यांना माफ केलं. मी!

एक्स्चेंजमध्ये फ्रिज न्यायला आलेल्या माणसाने तो खाली वॉचमनच्या प्लगला लावून बघितला. "मैडम, ये तो मस्त चलरा. कायकू देरे?"

"ले जाओ," मी म्हटलं. आणि वर बाल्कनीकडे बघितलं, आई ऐकत नाहीत ना म्हणून.

त्यानंतर त्या मिक्सर लावायच्या आधी विचारायला लागल्या. गीझरच्या आधी विचारायच्या. साधा फॅन वाढवायला मला हाक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी हातात झेंडू दिला, तर नव्या फ्रिजपासून दोन हात लांब उभ्या.

"नक्को, तूच वाहा. माझा हात लागला की बिघडतंय."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण मुकाट्याने फूल वाहिलं आणि पुढे सहा वर्षं गप्प बसले.

काल भेटायला आलेल्यांना शिरीष रडता रडता सांगत होता, "आमच्या आईनं आयुष्यात एकच वस्तू बिघडवली." लोक हसले. मी शेजारणीने आणलेला चहा वाटत होते.

शिरीष, एकही नाही रे. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे चारचौघांत सांगतेय. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव.

आई, काल पाया पडताना सांगणार होते. गर्दी होती, परत कच खाल्ली.

तुमचं उलथनं कशालाही लागलं नव्हतं.

फ्रिज चालू होता, आई.