सिगारची चव आणि मेहुण्यांची जीभ

माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार. द्राक्षं परदेशी जायला लागली तसे तेही एकदा बागायतदारांच्या सहलीतून हॉलंड बघून आले. लोक तिकडून चॉकलेट आणतात. हे सिगारी घेऊन आले, आणि सोबत एवढं ज्ञान, की ते विमानात मावलं कसं कोण जाणे.

मग दर रविवारी त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात माझी शिकवणी. "दाजी, आधी टोकाची टोपी कापायची. जास्त नाय, नखाएवढी." कापायला काय, तर सुपारीचा अडकित्ता! "आता जाळावर नुसती शेकायची, फिरवत फिरवत. धूर पोटात घ्यायचा नाय, तोंडात घोळवायचा. घाई केली की कडू लागते. आन् राख झटकायची नाय." हे सगळं बरोबरच असेल. पण सांगणारा माणूस चहा बशीत ओतून एका दमात संपवणारा.

मी पहिलाच झुरका घेतला आणि काडी ओढल्यावर येतो तसा जळका, झणझणीत वास आला. तसं बोललोही. "गाढवाला गुळाची चव काय!" मेहुणे खो खो हसले. "मास्तरकी करून जीभ मेलीय तुमची. मला बघा, कोको लागतोय, चामडं लागतंय." चामडं यांनी कधी चाखलं होतं, देव जाणे.

हा तोरा नुसत्या हौसेचा नव्हता. मेहुण्यांनी खायच्या द्राक्षांची जुनी बाग काढून वाइनची द्राक्षं लावली होती, आणि एका वाइन कंपनीशी करार व्हायचा होता. अडलं होतं एकाच अटीवर. तोडणी कधी करायची हे आमचा माणूस चाखून ठरवेल, असं कंपनी म्हणत होती. मेहुणे म्हणत, माझ्या बागेत माझी जीभ ठरवील. त्यांच्या वडिलांनीही मणी चाखूनच तोडणी लावली होती. मेहुण्यांचा सगळा जीव त्या अटीत अडकला होता. कंपनीचे साहेब बाग बघायला आले की त्यांना सिगार द्यायची, आपल्याला चवीतलं किती कळतं ते दाखवायचं, की अट सुटली, असा बेत. मी कपाळावर हात मारून घेतला.

साहेब आले. अडकित्ता झाला, शेकणं झालं, प्रवचन झालं. साहेबांनी एक झुरका घेऊन सिगार खाली ठेवली. "कशात ठेवता या?"

मेहुण्यांनी मोठ्या दिमाखात द्राक्षांची एक्स्पोर्टची पेटी आणली. आत सिगारी, आणि वर गंधकाचा कागद. बोटीच्या प्रवासात द्राक्षं सडू नयेत म्हणून आमच्याकडे पेटीत घालतात तो. "द्राक्षासारख्या ताज्या राहतात, साहेब!"

"पण गंधकाचा वास येत नाही तुम्हाला?"

"कसला वास?" मेहुण्यांनी आणखी एक झुरका घेतला, डोळे मिटून घोळवला. "नाय बुवा. कोको."

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. हा माणूस नाटक करत नव्हता. बागेवर भुरीचा रोग पडू नये म्हणून जन्मभर गंधक धुरळलं, तेही नाकाला फडकं न बांधता. फडकं बांधायला मी काय नवरी आहे का, म्हणायचे. नाक कधीच गेलं होतं, आणि नाकाबरोबर निम्मी चवही. कोको हा नुसता हॉलंडला ऐकलेला शब्द होता. साहेबांनी तो गंधकाचा कागद उचलून त्यांच्या नाकाशी धरला, तरी वास येईना, तेव्हा मेहुण्यांनाही ते कळलं. मला त्यांचा राग यायचा, हसू यायचं. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

करार झाला, कंपनीच्या अटीवर. मेहुण्यांनी एका शब्दानेही वाद घातला नाही.

तोडणीच्या दिवसांत कंपनीचा माणूस मणी चाखत ओळींमधून फिरत होता आणि मेहुणे माझ्याशेजारी बांधावर उभे होते. त्यांनी जवळच्या घडाचा एक मणी तोडून तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला. मग दुसरा तोडून माझ्या हातावर ठेवला.

"दाजी, बघा बरं जरा," ते हळूच म्हणाले, "चव आलीय का?"