आराम कमिटी

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणजे गरीब गाय. 'नाही' म्हणायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. कुणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलं, बोलवा साहेबांना. कुणाचा मुलगा नोकरी सोडून बसला, बोलवा साहेबांना. कुणाचा नळ गळतोय, तरी साहेबच. त्यांचं घर चर्चच्या आवारातच, आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी असते हे आमच्या मंडळीला ठाऊकच नव्हतं. बिचाऱ्यांचा घास हातात आणि समोर कुणीतरी डोळे पुसतंय. कधीकधी ती मीच असायचे. पण माझं दुःख खरं असायचं हो!

एका रविवारी उपदेश करता करता साहेब मध्येच थांबले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी फार खोल येतंय. माना पुढे काढून बसलो. पुढे काही येईचना! साहेब आपले कठडा धरून उभे, चेहरा पांढराफटक. आमच्यातल्याच डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "रोज दुपारी झोपा, नाहीतर हे काम सोडा. तिसरा रस्ता नाही."

'सोडा' म्हटल्यावर सगळे बाकांवरून उठलेच. आधीचे पाळक असेच दमून काम सोडून गेले होते, आणि नवे मिळेपर्यंत निवृत्त हेडमास्तर उपदेश करत होते. त्या दिवसांची आठवण झाली तरी मला जांभई येते.

आता आमच्या मंडळीला संकट आलं की एकच गोष्ट सुचते, कमिटी! चर्चचा कारभार बघणारी पंच कमिटी होतीच, तिच्या पोटी आराम कमिटी जन्मली. अध्यक्ष अर्थात हेडमास्तर. काम काय, तर साहेब दुपारी खरंच झोपतात की नाही ते रोज घरी जाऊन बघायचं. झोपले असतील तर उठवून विचारायचं, "साहेब, झोप लागते ना नीट?" मीही कमिटीत. एकदा उशी घेऊन गेले, एकदा दुसरी उशी, पहिली कशी वाटली ते विचारायला.

"मावशी," पाळकबाई मला म्हणाल्या, "आराम नव्हता तेव्हा जरा तरी डोळा लागायचा हो यांचा."

मग काय झालं, दुपारी साहेब घरात सापडेनातच. दारात पाळकबाई, चेहरा अगदी साधा. "बाहेर गेलेत."

"आराम टाकून बाहेर?" हेडमास्तर हबकले. कुणीतरी कुजबुजलं, दुसऱ्या चर्चच्या मंडळीचं बोलावणं आलंय वाटतं. झालं! निघाले आपले साहेब. सगळ्यांची तोंडं उतरली. माझंही उतरलं, खोटं कशाला बोलू?

त्याच धास्तीत बुधवारी दुपारी मी चर्चमध्ये गेले. प्रार्थनेला नव्हे, रविवारी चष्मा विसरला होता म्हणून. दार नुसतं लोटलेलं. मागच्या बाकावर साहेब! बूट खाली, गीतांची पुस्तकं उशाला, तोंड उघडं, छान घोरत होते. मला आधी हसू फुटलं, मग जरा लाज वाटली. माणसाने लपायला जागा कशी अचूक शोधली होती! रविवार सोडला तर आमच्यापैकी एकही जण तिकडे फिरकत नाही.

मी पाय न वाजवता मागे वळले, तर दारात हेडमास्तर. मला आत जाताना पाहून मागोमाग आलेले.

"श्श!" मी म्हटलं.

"श्श म्हणजे काय?" ते ओरडले. त्यांचं कुजबुजणंही शेवटच्या बाकापर्यंत जाणारं.

साहेब दचकून उठून बसले. केस उभे, गालावर पुस्तकाचा वळ.

"साहेब! तुम्ही इथे, आणि तुम्हाला आराम मिळावा म्हणून आम्ही गल्लीबोळ पालथे घालतोय!"

मला वाटलं, आता साहेब माफी मागणार आणि बूट घालणार. त्यांनी डोळे चोळले. "कुणी मरायला टेकलंय का?"

"नाही..."

"मग नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे आत्ता नाही. उन्हं कलली की उठेन. आणि गल्लीच्या टोकाच्या आजारी आजोबांना रोज मी भेटतो, तिथे आज तुम्ही जा."

"मी? मी काय बोलू तिथे?"

"काही बोलू नका. नुसते बसा. मावशी, तुम्हीही जा."

"आणि मीसुद्धा गप्प बसू?"

"प्रयत्न करा," म्हणाले, आणि चक्क पुन्हा आडवे झाले!

गेलो आम्ही. हेडमास्तर खाटेशेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. मी ओठ असे आवळले की उचकी लागली. आजोबा आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले, मग खुदकन हसले आणि हेडमास्तरांचा हात धरून झोपी गेले. हेडमास्तरांनी तो हात काही हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

परतताना स्वारी खुशीत. "चला, साहेबांना सांगून येऊ, भेट उत्तम झाली म्हणून." आणि निघाले की चर्चच्या फाटकाकडे!

मी बाही धरली. "उन्हं कललीत का अजून?"

त्यांनी वर बघितलं. खाकरले. "उद्या सांगू म्हणता?"

"रविवारी सांगा," मी म्हटलं, आणि त्यांना ओढतच घराकडे वळवलं.