जाड थराचं चीज

हुइबच्या जिभेला हॉलंडमधल्या आमच्या लायडनजवळच्या गावात कोर्टाचा मान आहे. जिऱ्याच्या चीजची वार्षिक परीक्षा तोच करतो. पोकळ सुरी चीजमध्ये खुपसतो, फिरवतो, आतली कांडी बाहेर ओढतो. आधी वास घेतो, मग बोटांत चुरतो, मग कुठे जिभेवर ठेवतो. उरलेला तुकडा भोकात बुचासारखा परत बसवतो. चीजवर नाव नसतं, नुसता नंबर.

एक चीज मात्र त्याला नावानिशी ओळखू यायचं. जिरं मधल्या भागात असतं, वरखाली बिनजिऱ्याचा पांढरा थर. गावात चीज करणाऱ्या आम्ही सगळ्या बायका तो पातळ ठेवतो. त्याची बायको हेल्मा जाड ठेवते, तिची आई ठेवायची तसा. ती कांडी बाहेर आली की हुइबचे कान लाल व्हायचे. घरच्या माणसाला पहिलं आणलं तर गाव काय म्हणेल, या धास्तीनं तो दरवर्षी तिला दुसरा नंबर द्यायचा. मला ते कळायचं, हेल्मालाही. ती पुढच्या वर्षी पुन्हा थर जाडच ठेवायची. मला मात्र भयंकर राग यायचा. एका वर्षी पहिलं बक्षीस मला मिळालं, तर तो चषक मी कपाटात मागे ढकलून दिला.

यंदा हेल्मानं थर पातळ केला.

"आई असती तर लाकडी बूट फेकून मारला असता मला," एवढंच ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी हुइबनं तिची कांडी चाखली, थांबला आणि पुन्हा चाखली. असं तो कधी करत नाही.

"हे ज्यानं केलंय," तो म्हणाला, "त्याच्याकडे मी शिकायला जाईन."

मग नाव वाचलं गेलं.

"चला, हुइबला आज घरी जेवण मिळणार," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. हेल्मा हसली नाही. चषक काखेत धरून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"इतकी वर्षं तू माझं चीज चाखलंसच नाहीस, हुइब. जिभेवर ठेवायचास आणि डोक्यात गाव."

हुइबनं सुरी पुसली, पुन्हा पुसली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी ही सुरी दुसऱ्या कुणाला तरी देतो."

"अजिबात द्यायची नाही," हेल्मा म्हणाली. "पुढच्या वर्षी थर जाड असणार आहे. तेव्हा तूच चाखायचंस."