सरजाबाईचं शेवटचं कडवं

मुरुडच्या स्टँडवर एसटी नीट थांबायच्या आधीच निवृत्ती सोनकांबळे दारात येऊन उभा राहिला. काखेत घोंगडीत गुंडाळलेला, बॅटरीवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर होता. लातूर सोडल्यावर टायर बसला आणि त्यात सगळी सकाळ गेली. रेवणप्पा लाउडस्पीकरवाल्याची बायको जुन्या रेकॉर्डींच्या शोभेच्या थाळ्या करते आहे, हे त्याला कालच कळलं होतं. एव्हाना किती झाल्या असतील, एवढाच विचार तो वाटभर करत आला होता.

निवृत्ती नांदेडला रेल्वेत सिग्नलचा फिटर. पगारातून रेकॉर्डी जमवायचा नाद होता, आणि त्यातही निम्म्या रेकॉर्डी एकाच गाण्याच्या. बायको पंचशीला म्हणायची, "एकच गाणं किती डाव इकत आणताव? शेजारच्या कोंबड्याला बी पाठ झालं असंल आता."

पण ते एकच नव्हतं. बाबासाहेबांवरचं ते गाणं पहिल्यांदा मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं हिरव्या लेबलवर काढलं. गाणारी पार्टी हदगावकडची. शेवटचं कडवं एकटीनं म्हणणारी बाई म्हणजे निवृत्तीची आई, सरजाबाई. पुढं कंपनी बुडाली. दुसरीनं गाणं निळ्या लेबलवर काढलं, पण लांब होतंय म्हणून शेवटचं कडवं कापून टाकलं. तिसरीनं लाल लेबलवर काढलं. त्यात कडवं होतं, पण आवाज मुंबईच्या कुण्या गायिकेचा. आई गेली तेव्हा निवृत्तीचं नाव शाळेतही घातलं नव्हतं. तिचा एक फोटो घरात होता. आवाज मात्र कुठंच नव्हता.

लेबलवर भरवसा ठेवता येत नाही, हे तो कधीच शिकला होता. लग्नाच्या मांडवात रेकॉर्डींची अदलाबदल होऊ नये म्हणून लाउडस्पीकरवाले प्रत्येक लेबलवर आपल्या नावाचा कागद डकवायचे. खालचा रंग दिसायचाच नाही. म्हणून निवृत्ती लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर खरवडलेला नंबर बघायचा. निळ्या रेकॉर्डीवर जुना नंबर रेघ मारून खोडलेला होता आणि शेजारी नवा कोरलेला. तोच जुना नंबर जिच्यावर न खोडलेला असेल, तिच्यात आई होती.

रेवणप्पा दुकानात कॅसेटी लावत बसले होते. निवृत्तीनं नमस्कार केला आणि धापा टाकतच सगळं सांगितलं.

"आता आलाव व्हय?" रेवणप्पा म्हणाले. "चार दिस आधी आला असताव तर पेटीच दिली असती उचलून. रेकॉर्ड कोण ऐकतंय आता? जिल्हा झाल्यापून लातुरात सायेब लोक लई आल्यात. त्यांच्या बायकांना शोकेसात ठिवायला थाळ्या पायजेत. आमच्या हिला कामच लागलंय."

"राहिलेल्या बघू द्या की काका."

पेटी तळाला गेली होती. निवृत्तीनं एकेक रेकॉर्ड उजेडाकडं तिरपी धरली. लग्नाची गाणी, भजनं, कव्वाल्या. खाली एक निळी निघाली. ती नव्हे. मग त्यानं कोपऱ्यातल्या तयार थाळ्यांच्या नंबरांवरून बोट फिरवलं. त्यातही नव्हती.

"आनखी कुठं?"

रेवणप्पांनी बोट वर केलं. "पत्र्यावर."

थाळ्या करायच्या तर रेकॉर्ड उकळत्या पाण्यात बुडवावी लागते. पण यंदा टँकर एका दिवसाआड येत होता, तोही आला तर. म्हणून रेवणप्पांची बायको पार्वतम्मा मागच्या खोलीच्या पत्र्यावर वाट्या पालथ्या घालून त्यांवर रेकॉर्डी ठेवत. ऊन पाण्याचं काम करायचं.

निवृत्ती शिडीवर चढला तसा खालून पार्वतम्मांचा आवाज आला, "ए बाबा, हात नको लावू! मऊ झाल्यात. उचलली की चुरगाळली बग."

त्यानं हात मागं घेतला. समोर रेकॉर्डींच्या कडा छत्रीसारख्या खाली ओघळू लागल्या होत्या. तापल्या पत्र्यावर गुडघे टेकून, ओणवा होऊन, तो नंबर वाचू लागला. घाम डोळ्यांत उतरत होता. एक झाली. दुसरीचा नंबर वाचताच येईना. त्यानं मान वाकडी केली, तेव्हा ऊन पट्टीवर तिरपं पडलं.

तोच नंबर. वर रेघ नाही.

आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिची कड आणखी बोटभर खाली आली.

निवृत्तीनं सदरा काढून रेकॉर्डीवर सावली धरली. पण पत्राच भट्टी झाला होता, धग खालून येत होती. "काकू, पाणी! वाईच थंड पाणी द्या, न्हाई तर गेली ही!"

प्यायच्या पाण्याचा एकच माठ भरलेला होता, हे त्यानं आत येताना पाहिलं होतं.

"अगं, पाणी मागायलाय त्यो," रेवणप्पा म्हणाले.

"ऐकू आलं मला. बहिरी न्हाई मी."

भांड्याचा आवाज झाला. पार्वतम्मा स्वतःच शिडी चढून आल्या. हातात निथळतं फडकं होतं. "सरक तिकडं. लेबलावर नको टाकू, कडंला टाक. दाबायचं न्हाई." दोघांनी मिळून फडकं अलगद अंथरलं. पत्र्यावर पडलेले थेंब पडल्या पडल्या सुकत होते. बऱ्याच वेळानं पार्वतम्मांनी नखानं टिचकी मारली. आवाज टणक आला. "घे आता."

खाली आणल्यावर रेवणप्पा चुकचुकले. "थाळीच झाली की राव ही. वाजायची कशी?"

निवृत्ती रेकॉर्ड निरखत राहिला. बाहेरची कड पार वाकली होती. गाण्याचं तोंड गेलं होतं, मधली कडवी गेली होती. पण वाटीवर टेकलेला मधला भाग, लेबल आणि त्याभोवतीच्या शेवटच्या रेघा, सपाट होत्या.

त्यानं घोंगडी सोडली. प्लेअरची फिरती चकती रेकॉर्डीहून लहान, त्यामुळं वाकलेली कड बाहेर लोंबकळत फिरू लागली. सुई टेकली आणि घसरली. पार्वतम्मा म्हणाल्या, "दमानं." त्यानं मनगट दुसऱ्या हातानं धरलं आणि पुन्हा टेकवली.

खरखर झाली. ढोलकी आली. मग एक बाई गाऊ लागली. बारीक आवाज, थोडा घाईचा, ढोलकीच्या पुढंच पळणारा. ओळ संपली की श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू यायचा.

आवाज ओळखीचा वाटेल म्हणून निवृत्ती वाट बघत होता. तसं काही झालं नाही. ती त्याच्यापेक्षाही लहान वाटत होती.

कडवं संपलं. सुई आतल्या रेघेत खरखरत राहिली.

"ग्वाड म्हनतीया," पार्वतम्मा पदरानं हात पुसत म्हणाल्या. "कुनाची पोरगी ही?"

निवृत्तीला सदरा घालायचं भान नव्हतं. तो तसाच उघड्या अंगानं बसला होता.

"आई हाय माझी," तो म्हणाला, आणि सुई उचलून पुन्हा ढोलकीच्या जागी ठेवली.