पाच खाचांचे दोन ओंडके

खोऱ्यात सगळे तिला खुणाकाकू म्हणत. लाकडी कोठारं उचलून दुसरीकडे मांडायची, हा तिच्या घरचा धंदा. उतार सरकू लागला, जमिनीत पाणी पाझरू लागलं, तरी तिथले शेतकरी कोठार टाकून देत नाहीत. ओंडका ओंडका उतरवून शंभर पावलं पलीकडे पुन्हा रचतात. खिळा एकही नाही. कोपऱ्यात ओंडक्यात ओंडका अडकतो आणि स्वतःच्या वजनानं बसतो. म्हणून ज्याची जागा त्यालाच द्यावी लागते.

नवरा होता तेव्हा तो उतरवायचा आणि ती पटाशीनं खुणा करायची. भिंतीची एक खूण, मग ओंडका खालून कितवा तेवढ्या खाचा, आणि शेवटच्या खाचेला छोटीशी शेपटी, म्हणजे खालची बाजू कोणती ते कळावं. सासूनं हात धरून शिकवलेलं काम. आता नवरा गेला, मुलगा सुतार झाला, पण खुणा काकूच्याच राहिल्या.

या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं होतं. किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या. नातवाला तिनं आपल्या भावाच्या नावानं हाक मारली, एकदा नाही, तीनदा. सून शहाणी, बोलत काही नसे, पण शेगडी बंद आहे ना ते हळूच येऊन बघून जाई. ते न बोलणंच काकूला जास्त टोचे. मुलगा म्हणाला होता, "हे गवळ्याचं कोठार होऊ दे आई, मग बघू." काय बघू, हे तिनं विचारलं नाही. चूक झाली तर हातातली पटाशी जाणार, एवढं समजायला काही फार शहाणपण लागत नव्हतं.

उतरवताना सगळं सुरळीत झालं. ओंडक्यांवर जुन्या गवताचा आणि धुराचा काळा थर होता. मुलानं ते घासून धुतले, किडीसाठी तेल पाजलं. मग रचायला घेतले. चार थर मुकाट बसले.

"आई, मागच्या भिंतीचा पाच कुठला?"

"तुझ्या पायाशी आहे तो."

दोघा गड्यांनी ओंडका चढवला. कोपऱ्यात चांगली बोटभर फट राहिली.

"बसत नाही."

"बसेल. जरा ठोक."

"ठोकून ठोकून हात दुखले. आणि आई, हा बघ, मागच्याच भिंतीचा आणखी एक पाच. सात मात्र कुठेच नाही."

गवळी ताडपत्रीखालच्या गवताच्या ढिगाला टेकून उभा होता. "काकू, गवत आतून तापायला लागलंय हो. माझ्या गायींना खाचा चघळायला देऊ का?"

"गप रे, मला मोजू दे."

तिनं मोजलं. पाच. पुन्हा मोजलं, सहा. आपल्याला मोजताही येईनासं झालं का? तिसऱ्यांदा मोजताना तिनं डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. एकाच ओंडक्यावर दोन खुणा होत्या, वीतभर अंतरावर. एका खुणेच्या कडा अंगठ्याला लागत होत्या, दुसरीच्या गुळगुळीत, झिजलेल्या. तेलानं दोन्ही सारख्याच काळ्या दिसत होत्या.

"अरे, हे कोठार याआधी कधी हललंय का?" तिनं गवळ्याला विचारलं.

"हललंय की! वरच्या टेकाडावर होतं. खाली आणून मांडताना ओल लागू नये म्हणून तळाशी एक नवा थर घातला, असं बाबा सांगायचे."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

तळाशी थर वाढला, म्हणून प्रत्येक ओंडका एक पायरी वर गेला. जुन्या खुणेचा पाचवा आता सहावा होता. मुलगा कधी जुनी खूण वाचत होता, कधी नवी. काकूनं एकेका ओंडक्यावर अंगठा फिरवला. टोचेल ती खूण खरी. उन्हं कलायच्या आत भिंत डोक्याएवढी झाली. सातही सापडला.

मुलगा हसत होता. काकू मात्र एका ओंडक्याशी अडकली होती. गुळगुळीत खुणेलाही शेपटी होती, त्यांच्याच घरच्या पद्धतीची.

"तेव्हा खुणा कुणी केल्या होत्या?"

"तुमच्याच घरातलं कुणीतरी," गवळी म्हणाला. "तुम्ही असाल, नाहीतर तुमच्या सासूबाई. मी रांगत होतो तेव्हा."

तिनं आठवून पाहिलं. टेकाड आठवलं, ओल्या लाकडाचा वास आठवला, पटाशी धरलेला हात आठवला. तो हात तिचा होता, की ती शेजारी बसून पाहत होती? हाताला बांगडी होती का? काही केल्या दिसेना.

"आई, कोठार उभं राहिलं ना. सोड आता."

"सोडू कशी? जुन्या खुणा आधी तासायच्या, हा पहिला नियम."

"काळ्या थराखाली होत्या गं. कुणालाच दिसल्या नाहीत."

"तुझ्या बापाला दिसल्या असत्या."

ती उठली आणि उरलेल्या शेवटच्या ओंडक्यावर, आपल्या खुणेच्या शेपटीखाली पटाशीच्या टोकानं एक टिंब कोरलं. पुढं कुणी विचारलं तर ही खूण काकूची, हे कळावं. गड्यांनी ओंडका वर नेला. तो एका ठोक्यात बसला.

काकू वर बघत राहिली. मग मुलाच्या जवळ जाऊन हळूच म्हणाली, "ते टिंब मी आत्ताच केलं ना रे?"

"आत्ताच. मी बघितलं."

त्यानं तिच्या हातातली पटाशी घेतली. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला.

"बोथट झालीय," तो म्हणाला. "धार लावून देतो. परवा पलीकडच्या उतारावर जायचंय आपल्याला."