पंधरावी चिठ्ठी

...तर बिशपसाहेब चर्चच्या पायरीवर तिष्ठत उभे, बँडवाल्यांनी गाल फुगवून ठेवलेले, आणि आमची गेनोवेफा निशाणाची काठी जमिनीत रोवून सगळ्या गावासमोर म्हणते, "थांबा. चौदाच आहेत."

बिशपसाहेबांनी फादर झिगमुंटकडे पाहिलं. फादरांनी आभाळाकडे पाहिलं. पंधरावी पेलागिया गोठ्यात अडकली होती, कारण तिच्या गाईनं व्यायला नेमका तोच मुहूर्त धरला होता. मग स्टेफानिया स्कर्ट वर खोचून शेतातून धावत सुटली आणि पेलागियाला कोपरापर्यंत बरबटलेल्या हातांनिशी ओढत घेऊन आली. तेव्हा कुठे मिरवणूक हलली. जेवताना बिशपसाहेब म्हणाले म्हणे, की मला रोममध्येसुद्धा कुणी एवढा वेळ उभं ठेवलं नव्हतं. गेनोवेफानं त्यांच्या ताटात आणखी एक बदकाची तंगडी वाढली आणि म्हणाली, "रोममध्ये बायका मोजत नसतील."

अशी ती बाई. आणि ही धावत गेलेली स्टेफानिया म्हणजे तिची कुमा. गेनोवेफाच्या एकुलत्या एका पोराला, झेनेकला, बाप्तिस्म्याच्या वेळी हिनंच हातांवर धरलेलं. आमच्या लिपोव्हो गावात कुमेचं नातं सख्ख्या बहिणीहून वरचं. बहीण देव देतो, कुमा आपण पारखून घेतो.

दोघी एकाच गुलाबातल्या. रोझरीची, म्हणजे जपमाळेची रहस्यं पंधरा, येशू-मारियेच्या आयुष्यातले पंधरा प्रसंग, म्हणून पंधरा बायकांचा मिळून एक गुलाब. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा झाली की गेनोवेफा प्रत्येकीच्या हातात एकेक चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीवरचं रहस्य महिनाभर त्या बाईचं. रोज एकदा 'आमच्या बापा', दहा वेळा 'नमो मारिया'. गाई पिळताना म्हणा, भाकरी थापताना म्हणा, पण म्हणा. पंधरा घरांत पंधरा तुकडे म्हटले गेले की अख्खी माळ पुरी. एकीनं चुकवलं की माळ तुटली. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या एकेक घर पुढे सरकायच्या. एकतीस वर्षं ही वाटणी गेनोवेफाकडे होती. प्रसूत झालेल्या बाईला बर्फातून चालत जाऊन चिठ्ठी दिलेली आहे तिनं, आणि आल्यासारखी जरा बस म्हटलं तर म्हणाली होती, "बसायला नाही आले. नवऱ्याला सांग, दाराला तेल घाल."

या सगळ्याच्या बदल्यात गुलाबातल्या बाईला मिळायचं काय? एकच गोष्ट. ती मेली की गुलाबाचं निशाण तिच्या शवपेटीपुढे चालायचं आणि मागून बाकीच्या जणी मेणबत्त्या घेऊन. आमच्या बायकांना जन्मात मानाच्या मिरवणुका दोनच, लग्नातली आणि ही. पहिलीच्या वेळी पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नसतं. दुसरीच्या वेळी ठाऊक असतं, म्हणूनच की काय, आस दुसरीचीच जास्त.

आता ट्रॅक्टरची गोष्ट. ती सांगितल्यावाचून पुढचं कळायचं नाही.

सुगीच्या सणाची दुपार. झेनेक बावीस वर्षांचा, स्टेफानियाचा मारेक त्याच्याच वयाचा. दोघं स्टेफानियाच्या अंगणातून ट्रॅक्टरवर निघाले. मारेकनं सकाळपासून घेतलेली. गेनोवेफा कुंपणापाशी बदकांना दाणे टाकत होती. तिनं डोळ्यांनी पाहिलं, मारेक स्टिअरिंगशी आणि झेनेक बाजूच्या मडगार्डवर बसून तिला टोपी हलवून दाखवतोय. पुलाजवळ ट्रॅक्टर खड्ड्यात गेला. मारेकचा खांदा निखळला. झेनेक ट्रॅक्टरखाली सापडला.

मिलिशियाचा हवालदार आला. मारेकनं जबानी दिली की ट्रॅक्टर झेनेक चालवत होता. गेनोवेफा म्हणाली, नव्हता. मग हवालदार स्टेफानियाकडे वळला. दोघं तिच्याच फाटकातून निघालेले, तिनं पाहिलेलं असणारच. स्टेफानियानं हात एप्रनला पुसले आणि म्हणाली, "झेनेक."

हवालदारानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "दोघीही आयाच," तो म्हणाला. "एकीचं पोर मेलंय, एकीचं जिवंत आहे. मेलेल्याला तुरुंगात घालता येत नाही, बाई. कागद तसाच लिहितो." आणि लिहिला. त्या कागदाप्रमाणे झेनेक आजही दारू पिऊन स्वतःला मारून घेतलेला पोरगा आहे. आयुष्यात त्यानं थेंबाला तोंड लावलं नव्हतं.

त्यानंतरचा पहिला रविवार. बायका ओळीनं उभ्या. गेनोवेफा काळ्या रुमालात, चिठ्ठ्या वाटत निघाली. स्टेफानियानं हात पुढे केला. गेनोवेफा तिच्यासमोरून पुढे सरकली आणि पेलागियाच्या हातात चिठ्ठी ठेवली. पुढे केलेला हात तसाच राहिला थोडा वेळ. पेलागिया, जी स्वतःच्या नवऱ्याच्या प्रेतापाशीसुद्धा बडबडत बसली होती, तीही गप्प.

स्टेफानिया पुन्हा चिठ्ठीला आली नाही. मिस्सेला यायची, मागच्या बाकावर बसायची, शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जायची.

पंधराव्या रहस्याचं काय, हे फादरांनीही विचारलं नाही. ते रहस्य गेनोवेफाच म्हणत होती. स्वतःचं धार काढताना, दुसरं डुकरांना घालताना. मात्र वहीतलं स्टेफानियाचं नाव तिनं खोडलं नाही. नाव खोडायचं तर फादरांना कारण सांगावं लागतं. शिवाय खोडलं की ती सुटली असती, आणि गेनोवेफाला तिला सोडायचं नव्हतं.

अशी सात वर्षं गेली.

सातव्या वर्षी बटाटे काढून झाले होते. शेतांत सुकलेला पाला जाळल्याचा धूर लोळत होता. स्टेफानियाची मुलगी हालिना सायकल हातानं ढकलत गेनोवेफाच्या दारी आली. गेनोवेफा आळंबी दोऱ्यात ओवत बसली होती.

"काकू, आई जायची आहे. डॉक्टरांनी घरी पाठवलंय. यकृत."

गेनोवेफानं आणखी एक आळंबी ओवली.

"ती एकच विचारते," हालिना म्हणाली. "निशाण मिळेल का म्हणून. फादरांकडे गेले होते. ते म्हणाले, निशाण बायकांचं आहे, पोरी, मी फक्त पाणी शिंपडतो."

"फादर शहाणे आहेत."

"तिचं नाव वहीत आहे ना, काकू?"

"नाव आहे. पण सात वर्षांत तिनं एक 'नमो मारिया' म्हटलेली नाही. न म्हणणाऱ्या बाईला निशाण द्यायला लागले तर उद्या हवालदारही मागेल."

"तुम्ही येऊन विचारा तिला," एवढंच बोलून हालिना निघाली. फाटक लावायलासुद्धा विसरली.

दोन दिवस गेनोवेफा गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रुमाल बांधला आणि गेली. सात वर्षांत त्या अंगणात तिचं पाऊल पडलं नव्हतं. ओसरीत मारेक पिंपावर वाकून आंबवायचा कोबी किसत होता. तिला पाहून त्याचे हात क्षणभर थांबले. ती त्याच्याकडे न बघता आत गेली.

स्टेफानिया पिवळी पडलेली, पोट फुगलेलं, हातांच्या काड्या.

"आलीस."

"चिठ्ठी विचारायला आलेय. तुझं रहस्य कुठलं?"

"काटेरी मुकुट," स्टेफानिया म्हणाली.

"कधीपासून?"

"अगं, शेवटचं तेच दिलं होतंस. मग तू बदलून दिलंच नाहीस. पुढचं कुणाकडे गेलंय ते मला काय माहीत? मनानं घेतलं असतं तर दुसऱ्या कुणाचं चोरल्यासारखं झालं असतं. तेच म्हणत राहिले."

उशीखालून तिनं चिठ्ठी काढली. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली, कडा काळ्या पडलेल्या. अक्षर गेनोवेफाचंच होतं. म्हणजे सात वर्षं गुलाबातली कुणीतरी एक काटेरी मुकुटाचं रहस्य म्हणत होती आणि इथे हीही तेच म्हणत होती. सात वर्षं तो मुकुट येशूच्या डोक्यावर रोज दोनदा चढत होता.

गेनोवेफा खुर्ची ओढून बसली.

"कुमा, ट्रॅक्टर कोण चालवत होतं?"

ओसरीतला किसण्याचा आवाज बंद झाला.

"तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. गावालाही ठाऊक आहे. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. उद्या बायका तुझ्यासाठी प्रार्थना म्हणायला येतील, त्यांच्यासमोर सांग. एक शब्द. मग निशाण तर आणतेच, त्याच्या गोंड्यांना इस्त्री करून आणते."

स्टेफानियानं चिठ्ठी पुन्हा उशीखाली सरकवली. मग म्हणाली, "माझं मेल्यावर काय व्हायचं ते होऊ दे. पण तो जिवंत आहे, गेनिया. दोन लेकरं आहेत त्याला."

"माझाही जिवंत होता."

"हो."

"आणि त्याला धर्मपाणी देताना तूच धरलं होतंस."

"हो," स्टेफानिया म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, बहुधा शरीरात उरलंच नसावं. "म्हणजे निशाण नाही?"

गेनोवेफा खुर्ची मागे सारून उठली आणि बाहेर आली. ओसरीत मारेक पिंपाला टेकून उभा होता, बोटाला कापलेलं, रक्त कोबीवर ठिबकत होतं.

"काकू..." त्यानं सुरुवात केली.

गेनोवेफानं पिंपात डोकावून पाहिलं. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. "घाल आणखी, नाहीतर सडेल." आणि फाटक ओढून घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बायका गेल्या, प्रार्थना म्हणून आल्या. स्टेफानिया काही बोलली नाही. सर्व संतांच्या सणाला चार दिवस उरले असताना ती गेली. गावात कबरी धुवायची घाई, चुन्याच्या बादल्या, शेवंतीच्या कुंड्या, आणि त्यात कबर खणणाऱ्यांचा वैताग, की बाईनं मरायलासुद्धा सणाची गर्दीच निवडली.

संध्याकाळी रोझरी संपल्यावर बायका चर्चमागच्या खोलीत जमल्या. निशाणाचं कपाट तिथंच.

"सांगून टाक, निशाणाला कसर लागलीय म्हणून," पेलागिया म्हणाली. "कसरीला कोण काय करणार? देवालाही पटेल. त्याच्याही घरात असेल."

दुसरी म्हणाली, "मी तिच्यामागून मेणबत्ती धरून चालणार नाही बाई. झेनेक माझ्या पोराबरोबर शाळेत होता."

गेनोवेफानं वही उघडली. पंधरा नावं. चौथं स्टेफानियाचं, तिच्याच गोल अक्षरात. फादर झिगमुंट झगा उतरवता उतरवता थांबले, वहीत डोकावले आणि खिशातून पेन काढून पुढे केलं. "खोडायचं तर आत्ता खोड. मी काही पाहिलं नाही."

गेनोवेफानं पेन हातात घेतलं. तिचं बोट त्या नावाखाली किती वेळ होतं! मग गेनोवेफानं पेन परत दिलं.

"ती जिवंत असताना सात वर्षं मला हे खोडता आलं नाही," ती म्हणाली. "आता मेलेल्या बाईवर कसली मर्दुमकी? आणि ती रोज म्हणत होती. खोटी जबानी दिली, पण माळ चुकवली नाही. दोन्ही खरं आहे, मी तरी काय करू! उद्या नऊला. ज्यांना यायचं त्या या."

सकाळी आठ जणी आल्या. पेलागिया नववी, कुरकुरत. "मी मेणबत्ती धरीन, पण पेटवणार नाही," ती म्हणाली. पुढे वाऱ्यानं बाकीच्यांच्याही विझल्या, आणि सगळ्या सारख्याच झाल्या.

पाऊस नव्हता, नुसता ओला वारा. निशाण घेऊन पुढे गेनोवेफा, वय सदुसष्ट. मागे पेटी, पेटीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला खांदा देऊन मारेक, त्याच निखळलेल्या खांद्यानं. वारा समोरून येत होता. निशाण मागे उडायचं आणि त्याच्या भिजलेल्या गोंड्यांचा फटका मारेकच्या तोंडावर बसायचा. सारखा. त्याला पेटी दोन पावलं मागे ठेवायला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. तोंडही पुसलं नाही. गेनोवेफानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण काठी तिनं जराशीही तिरकी केली नाही.

कबरस्तानात झेनेकच्या कबरीवरून जावं लागतं. तिथं तिनं दोन दिवसांपूर्वी पिवळ्या शेवंतीची कुंडी ठेवली होती. तिची पावलं तिथं जड झाली, मग पुन्हा पडू लागली. खड्ड्यापाशी निशाण तीनदा झुकवायचं असतं. तिसऱ्या वेळी काठी तिला पेलेना आणि पेलागियानं पुढे होऊन काठी खालून धरली. निशाण झुकलं. माती पडली. मारेक काही तरी बोलेल म्हणून लोक जरा रेंगाळले. तो बोलला नाही. फावडं घेऊन माती ओढत राहिला, कबर खणणाऱ्यांनी नको म्हटलं तरी.

लोक पांगल्यावर हालिना गेनोवेफापाशी आली. ती पुठ्ठ्यावरची चिठ्ठी तिनं परत करायला आणली होती. गेनोवेफानं ती घेतली नाही. "रविवारी ये," ती म्हणाली, "जागा रिकामी ठेवता येत नाही. तोवर तेच म्हण."

हालिनानं तिचा हात धरला. रडून रडून नाक लाल झालेलं. "काकू," ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आईला माफ केलंत ना?"

गेनोवेफानं निशाण काठीला गुंडाळलं, दोरी बांधली आणि म्हणाली, "नाही गं पोरी. रोज सकाळी म्हणते, आज करीन. मग कोंबड्या असतात, डुकरं असतात, बटाटे असतात, आणि संध्याकाळी बघते तर राहूनच गेलेलं असतं."