सुरुंग नसलेलं मैदान

हवालदार चालायला लागले की येणारे-जाणारे थांबून बघत. डांबरी सडकेवर ते तुमच्या-माझ्यासारखेच झपाझप चालायचे, पण सडक सोडून मातीत उतरायची वेळ आली की जागीच थबकायचे. हातातली लोखंडी टोकाची काठी तिरकी धरून पुढची माती हळूच टोचायची, मान वाकडी करून अंदाज घ्यायचा, मग एक पाऊल टाकायचं. पुन्हा टोचायचं, पुन्हा पाऊल. सडकेपासून आमच्या शाळेचं दार जेमतेम तीस पावलांवर होतं. मी तिसरीचं गणित सुरू करायची तेव्हा हवालदार सडकेच्या कडेला दिसायचे, आणि गणित संपून कविता सुरू झाली की दारात पोचलेले असायचे. मी एकदा वैतागून विचारलं, की अहो, कालच तर ही वाट टोचून झाली ना? तर म्हणाले, "काल ती कालची हुती, बाई."

ही गोष्ट पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतली. फाळणीनंतर घरदार सोडून सिंधमधून आलेली कुटुंबं तिथं बराकींतून राहत होती. मी चिंचवडची, नुकती मास्तरीण झालेली, त्यांच्या पोरांना मराठी शिकवायला जायची. स्वभावानं तापट. आजही आहे, विचारा कुणालाही. हवालदार मूळचे पाटणकडच्या डोंगरातले. मोठ्या लढाईत ते इटलीत जमिनीत पुरलेले सुरुंग काढायचं काम करत. लढाई संपल्यावर छावणीच्या मदतीच्या गोदामावर राखणदार म्हणून लागले. दुधाची भुकटी, कांबळी, कपडे वाटायचं काम त्यांच्याकडे. लढाईत साफ केलेल्या वाटेला लावतात तशा दोन पांढऱ्या फिती जमिनीवर ताणायच्या आणि लोकांनी बरोबर मधून चालत यायचं, असा त्यांचा शिरस्ता. फितीबाहेर पाऊल पडलं की भुकटी बंद. चांगल्या जाडजूड शेठाण्या साडी आवरून त्या दोन फितींतून दोरीवरच्या डोंबाऱ्यासारख्या चालत यायच्या आणि मी खिडकीतून बघून पदरात तोंड खुपसून हसायची.

परदेशातून कपड्यांचे गठ्ठे येत. पाठवणाऱ्यांचं मन मोठं, पण पिंपरीचं ऊन त्यांनी बघितलेलं नव्हतं. एका गठ्ठ्यात बायकांचा लांबलचक लोकरी कोट निघाला, गळ्याला केसाळ पट्टी, छातीवर मोठी जांभळी बटणं. फुकट असूनही त्याला कुणी हात लावेना. शेवटी तो हवालदारांनी घेतला. पालथं पडून जमीन तपासताना कोपरं-गुडघे सोलत नाहीत म्हणून. इतका उपयोगी कपडा लढाईत कुणी दिला नाही, असं ते मनापासून म्हणायचे.

आणि या कोटातच त्यांनी सगळा घोळ घालून ठेवला. शाळेमागं मोठं मोकळं मैदान होतं. तिथं खड्डा खणताना मजुरांच्या कुदळीला एक गोल पत्र्याचा डबा लागला. हवालदारांना बोलावणं गेलं. त्यांनी सगळ्यांना लांब पिटाळलं, लाल झेंड्या रोवल्या, कोट चढवला आणि पालथे पडून सरपटत निघाले. तीन तास! बोटांनी माती बाजूला करत, फुंकर मारत त्यांनी तो डबा शेवटी वर काढला. निघाला मुरंब्याचा. कधीकाळी तिथं पलटणीचा मुक्काम होता, त्यातल्या कुणीतरी खाऊन टाकलेला. हवालदारांनी डबा वर धरून हसत हसत सगळ्यांना दाखवला, पण हसलं कुणीच नाही. छावणीनं त्या दिवशी एकच गोष्ट लक्षात ठेवली. लढाईत मुरलेला माणूस जिथं तीन तास पोटावर सरपटतो, तिथं काहीतरी असलंच पाहिजे. एक मुरंब्याचा निघाला म्हणून बाकीचे थोडेच मुरंब्याचे असणार?

झालं! मैदानात पोरांना पाय टाकायची बंदी. पोरं खेळायला लागली मुंबई-पुण्याच्या सडकेवर. मी घरोघर जाऊन सांगितलं, हवालदारांनीही सांगितलं, की अहो, इथं कधी लढाई झालीच नाही, सुरुंग पुरेल कोण? त्यावर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, की मग तुम्ही सरपटलात कशाला?

एके दिवशी ट्रकचा धक्का लागून दादीची नात पडली आणि तिचा पाय मोडला. दादी म्हणजे छावणीतली वडीलधारी बाई. सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात, आणि ती सगळ्यांचीच थोरली बहीण होती. तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. मला वाटलं, आता तरी ही बया ऐकेल. कसलं काय! ती म्हणाली, ट्रक निदान येताना दिसतो, जमिनीतलं दिसत नाही. माझं डोकंच फिरलं. पण घर सोडून पळताना तिनं वाटेत काय काय बघितलं असेल, ते मला कुठं ठाऊक होतं? नातीचं प्लॅस्टर दीड महिन्यानं निघणार होतं, आणि निघालं की पोरगी पुन्हा त्याच सडकेवर जाणार होती. त्याआधी मैदान मोकळं व्हायला हवं होतं. हवालदारांना ते माझ्याहून जास्त लागलं. "चूक माजी हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून, सुरुंग नाहीत हे पक्कं ठाऊक असलेलं ते अख्खं मैदान वीत-वीत करून टोचायला लागले.

तो दीड महिना काय वर्णावा! भर उन्हात केसाळ पट्टीचा बायकी कोट घातलेला मिशाळ माणूस पालथा पडून जमिनीला टोचतोय, आणि सडकेवरचे बैलगाडीवाले गाड्या थांबवून बघताहेत. तपासून झालेल्या पट्ट्याला ते फिती लावायचे. आठ दिवसांत बघते तर त्या पट्ट्यात पापड! छावणीतल्या बायका पापडांवर घर चालवायच्या, आणि इतकी निवडून-टिपून स्वच्छ केलेली जागा त्यांना दुसरीकडं कुठं मिळणार? हवालदार एक पट्टा मोकळा करायचे की दुपारपर्यंत तिथं पापड घातलेले, तेही आत पाय न टाकता, कडेवरून लांब बांबूनं चटया सरकवून. मी खूश झाले, म्हटलं भीती चेपली. हवालदार मात्र घुश्शात. पापडाला वजन असतं का बाई, असं मलाच विचारायला लागले.

ते म्हणाले तसंच झालं. प्लॅस्टर निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा पट्टा संपला. सगळ्या बायका मैदानाच्या कडेला जमल्या, पोरांना घट्ट धरून. पापड खुशाल आत, पोरं बाहेर. दादी पुढं आली. तिनं हवालदारांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाली, "हवालदारसाब, पहले तुम चलो. बिना लकडी."

मला बाजूला घेऊन हवालदार हळू आवाजात बोलले. इटलीत द्राक्षांच्या मळ्यातून त्यांनी एक वाट तपासली होती. मागं त्यांच्याच गावचा जोडीदार उभा होता. "चल, साफ हाय, म्हनालो मी त्याला. त्यो चालला." एक सुरुंग त्यांच्या काठीला लागला नव्हता. तेव्हापासून ते गावी गेले नव्हते. गावाला सडक नाही, शेतांतून जावं लागतं. माझ्या तापट जिभेची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. मी म्हटलं, राहू दे हवालदार, आपण दुसरं काहीतरी बघू. त्यांनी दादीच्या नातीकडं बघितलं. ती प्लॅस्टरचा पाय पुढं करून दगडावर बसली होती. मग त्यांनी कोट काढला, काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "धरा. आन् मागितली तरी दिऊ नका."

चौथ्या पावलालाच मागितली. "बाई, काठी." मी म्हटलं, नाही देत. दहाव्या पावलाला पुन्हा मागितली. मी काठी पाठीमागं लपवली आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "पुढं बघून चाला!" आणि ते चालले. दोन्ही हात पसरून, पाण्यात उतरल्यासारखे. मैदानाच्या मध्यावर पोचले तेव्हा दादीनं चपला काढल्या, आणि त्यांच्या पहिल्या पावलाच्या ठशावर बरोबर आपलं पाऊल ठेवलं. मग दुसऱ्यावर. तिच्या मागं तिची सून, सुनेच्या मागं शेजारीण. एवढं मोठं मैदान, आणि चाळीसेक बायका पदर सावरत, मुंग्यांसारख्या एका रांगेत, त्या एकाच माणसाच्या ठशांवरून चाललेल्या! हवालदारांनी मागं वळून बघितलं मात्र, त्यांना हसूच आवरेना. "आवो, पसरा की जरा!" ते ओरडले. बायका कुठल्या पसरताहेत! पोरंच हात सोडवून चहूकडं उधळली, आणि दोन-चार पापडही त्यांनी तुडवले. हवालदार पलीकडं पोचले, पण परत यायला त्यांना दोन तास लागले, कारण पोरांनी शिवाशिवी मांडली आणि हवालदारांवर राज्य आलं. दिवस मावळला तरी ते कुणाला शिवू शकले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात हवालदार गावी निघून गेले. निरोप द्यायला छावणी लोटली होती. मी रडले, आणि रडले म्हणून स्वतःवरच चिडले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. काका गेले, शाळेच्या बाईंना कळवा असं सांगून ठेवलं होतं म्हणून कळवतो, असं लिहिलं होतं. खाली आणखी चार ओळी होत्या. काका स्वभावानं फार चांगले होते, पण शेवटपर्यंत त्यांनी आम्हाला एका बाबतीत फार त्रास दिला. खाली न बघता चालायचे. भाताच्या रोपांतून, नव्या पेरणीतून, चिखलातून खुशाल अनवाणी जायचे, कितीदा ओरडलं तरी पायाखाली बघायचे नाहीत. तुमच्याकडं होते तेव्हाही ते असेच बेफिकीर होते का?